मिरकाब आणि हजामत: अन्ननलिकेच्या भोकाची तीनशे वर्षांची गोष्ट

कुवेत शहरात राहत असाल, तर मिरकाब कुठे आहे हे तुम्हाला सांगायला नको. बस बदलायची, घरी पैसे पाठवायचे, सलूनमध्ये जाऊन यायचं, आणि वेळ उरला तर चालत मुबारकिया बाजारात शिरायचं. पण या नावाचा अर्थ काय, असा विचार तुम्ही कधी केलाय?

अरबीतल्या ज्या धातूपासून 'मिरकाब' हा शब्द बनतो, त्याचा अर्थ लक्ष ठेवणं, टेहळणी करणं. दुर्बिणीलाही अरबीत हा शब्द वापरतात. उर्दू गझल ऐकत असाल तर याच धातूतला एक शब्द तुमच्या ओळखीचा आहे: 'रकीब'. मूळ अर्थ नजर ठेवणारा, आणि पुढे प्रेमातला प्रतिस्पर्धी.

आता सलूनकडे वळू. 'हजामत' हा आपला रोजचा शब्दही अरबीतूनच फारसीमार्गे आला. मूळ धातूचा अर्थ आहे शोषून घेणं, ओढून घेणं. 'हिजामा' म्हणजे त्वचेवर पेला लावून, हवा काढून रक्त ओढण्याचा उपचार, आणि 'हज्जाम' म्हणजे तो करणारा. वस्तरा त्याच्याच हातात असल्यामुळे दाढी आणि केसांचं कामही तोच करायचा. हळूहळू रक्त ओढणं मागे पडलं आणि आपल्याकडे 'हजामत' म्हणजे फक्त दाढी-केस उरले. हिजामा आखातात आजही चालतो.

पाहणं आणि ओढणं. या भागात ज्या उपचाराबद्दल बोलायचंय, तो या दोन क्रियांच्या जोडीवर उभा आहे. त्याचं नाव एंडोस्कोपिक व्हॅक्यूम थेरपी. अन्ननलिकेला भोक पडलं, किंवा ऑपरेशननंतर तिथला सांधा गळायला लागला, तर दुर्बिणीने आत जाऊन एक स्पंज ठेवायचा आणि त्यातून सतत सक्शन चालू ठेवायचं. ऐकायला हे इतकं साधं वाटतं, की हे कुणाला आधीच का सुचलं नाही, असा प्रश्न पडतो. इतिहासाच्या अंगाने पाहिलं तर तोच खरा प्रश्न आहे.

एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी पीएचडीवाली डॉक्टर आहे, औषध देणारी नव्हे. इथे उपचाराचा सल्ला नाही, उपचाराचा इतिहास आहे. शेवटी काही कामाच्या गोष्टी आहेत, त्या मात्र जरूर वाचा.

लायडन, १७२३

ऑक्टोबर १७२३. नेदरलँड्समध्ये बॅरन यान वान वासेनार हे डच आरमारातले बडे अधिकारी राहत होते. भरपेट जेवायची आवड, आणि पोट जड झालं की उलटीचा काढा घ्यायची सवय. एका रात्री असाच काढा घेतल्यावर ओकारी काढताना त्यांच्या छातीत भयंकर कळ आली. आत काहीतरी फाटलं, असं त्यांनी स्वतःच सांगितलं. लायडनचे प्रख्यात वैद्य हर्मन बुरहावे यांना बोलावण्यात आलं. सगळे उपाय झाले, पण बॅरन वाचले नाहीत.

बुरहावेंनी शवविच्छेदन केलं. त्वचेखाली हवा भरली होती. छातीच्या पोकळीत द्रव साचला होता, आणि त्याला बॅरननी खाल्लेल्या बदकाचा वास येत होता. अन्ननलिका आडवी फाटली होती. बुरहावेंनी १७२४ मध्ये या एका रुग्णाची हकीकत सविस्तर प्रसिद्ध केली. जोराच्या उलटीने अन्ननलिका फाटण्याला आज 'बुरहावे सिंड्रोम' म्हणतात.

म्हणजे निदान १७२४ मध्ये कागदावर आलं. रुग्ण वाचायला मात्र १९४७ उजाडावं लागलं. त्या वर्षी लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयातले सर्जन नॉर्मन बॅरेट यांनी अशी फाटलेली अन्ननलिका शिवून रुग्ण बरा झाल्याचं प्रसिद्ध केलं. 'बॅरेट्स इसोफॅगस' हे नाव ज्यांच्यावरून पडलं, तेच हे बॅरेट. नेमकं काय बिघडतं हे ठाऊक असूनही सव्वादोनशे वर्षं हात बांधलेले होते.

भोक बुजवणं इतकं कठीण का?

कारण अन्ननलिकेचा पत्ता. ती छातीच्या मधोमध, हृदयाच्या मागे आणि महाधमनीला लागून उतरते. पोटाला आणि आतड्यांना बाहेरून जे चिवट आवरण असतं, ते अन्ननलिकेला बहुतांश नसतं, म्हणून टाके नीट धरत नाहीत. आपण दिवसाला लिटरभराच्या आसपास लाळ गिळतो. खाणंपिणं बंद केलं तरी गिळणं थांबत नाही. ती जंतूंनी भरलेली लाळ भोकातून थेट छातीत उतरते.

आणि आता खरी अडचण. श्वास घेताना छातीतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो. हवा आत येते ती त्यामुळेच. पण अन्ननलिकेला भोक असेल तर तोच कमी दाब लाळ, अन्न आणि पोटातलं आम्लही भोकातून छातीत ओढून घेतो. रुग्णाचा प्रत्येक श्वास त्याचा आजार वाढवत असतो. भोवती पू होतो, आणि पू झालेल्या जागी घातलेले टाके पुन्हा सुटतात. म्हणूनच या आजारात तास मोजावे लागतात. उपचाराला २४ तासांपेक्षा उशीर झाला, तर मृत्यूचा धोका बराच वाढतो.

बॅरेटनंतरच्या पन्नास वर्षांत सर्जन मंडळींकडे मोजकेच मार्ग होते. छाती उघडून शिवणं. बाहेरून नळ्या घालून पू काढत राहणं. अगदीच इलाज नसेल तर अन्ननलिका काढून टाकणं. पुढे आतून झाकण घालणारा स्टेंट आला. पण स्टेंट जागचा सरकतो, आणि त्याच्या मागे साठलेला पू तिथेच राहतो. या सगळ्यांमागे विचार एकच होता: भोक बंद करा.

ओढण्याचा इतिहास: तुंबडी, आणि तिच्या मर्यादा

हजामतीचा मराठी अवतार म्हणजे तुंबडी. तुमच्या आजीला विचारलंत तर तिला कदाचित आठवेल. वैदू समाजातली माणसं गावोगाव फिरून तुंबडी लावायची. शिंगाचं रुंद तोंड दुखऱ्या जागी ठेवायचं आणि दुसऱ्या टोकाने हवा ओढून घ्यायची. 'तुंबडी' हा शब्द तुंब्यावरून, म्हणजे वाळवून पोखरलेल्या दुधी भोपळ्यावरून आलाय. दुसऱ्याला लुबाडून आपल्या तुंबड्या भरणारे लोकही आपण याच शब्दाने ओळखतो.

सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळवा आणि भोपळा असे तिन्ही उपाय आहेत. भोपळ्यात आधी दिवा ठेवायचा. आतली हवा तापते, मग निवते, आणि भोपळा त्वचेला घट्ट धरतो. गंमत म्हणजे लॅटिनमध्ये या पेल्याला 'कुकुर्बिटुला' म्हणतात, आणि त्याचाही अर्थ छोटा भोपळाच. रोम, अरबस्तान, महाराष्ट्र: सगळीकडे पोकळ वस्तूतली हवा काढून ओढ निर्माण करायची युक्ती लोकांना माहीत होती.

इथे जरा थांबू. 'व्हॅक्यूम थेरपी आपल्या पूर्वजांना हजारो वर्षांपूर्वी माहीत होती' असा मेसेज तुमच्या फॅमिली ग्रुपवर आला नसेल, तर कधीतरी येईल. त्याला उत्तर काय द्यायचं?

मला विचाराल तर अर्धं हो, अर्धं नाही. कमी दाबाने द्रव ओढता येतो, हे ज्ञान जुनंच आहे, आणि ते कुणा एकाचं नाही. पण तुंबडी शरीरातून रक्त ओढायची. दोष किंवा दूषित रक्त बाहेर पडलं की माणूस बरा होतो, ही त्यामागची समजूत. नव्या उपचारात रक्त ओढायचं नसतं. उलट रक्त आलं तर तो धोक्याचा इशारा असतो. इथे ओढायची असते लाळ आणि पू, तेही छातीच्या आत खोल असलेल्या पोकळीतून, मोजलेल्या दाबाने आणि दिवसरात्र. साधन एका जातीचं, कल्पना वेगळी. त्यामुळे तुंबडीचा अभिमान बाळगायला हरकत नाही, पण या शोधाच्या वंशावळीत ती आजी नव्हे, फार तर लांबची नातलग आहे.

या वंशावळीतले जवळचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात सापडतात. हॅम्बुर्गचे गॉटहार्ड ब्युलाव यांनी १८७५ मध्ये छातीत साठलेला पू बंद नळीने, सायफनच्या ओढीने सतत काढायला सुरुवात केली. पू एकदाच काढून भागत नाही, तो साठूच द्यायचा नाही, हा विचार तिथे आला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जर्मन सर्जन ऑगस्ट बियर यांनी गळवांवर आणि चिघळलेल्या जखमांवर काचेचे सक्शनचे पेले वापरले. ओढीमुळे त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, यावर त्यांचा भर होता. पुढे अँटिबायोटिक्स आली आणि हे सगळं कपाटात गेलं.

पाहण्याचा इतिहास: तलवार गिळणारा आणि मोग्याचा मुलगा

पण छातीच्या आतली जागा दिसणार कशी? १८६८ मध्ये फ्रायबुर्गच्या अडॉल्फ कुसमाउल यांनी एका तलवार गिळणाऱ्या कलावंताच्या घशातून सरळ धातूची नळी पोटापर्यंत घातली. नळी गेली, पण प्रकाश पुरला नाही. आणि प्रत्येक रुग्णाला काही तलवार गिळता येत नाही.

नळी वाकायला हवी होती आणि प्रकाशही वाकायला हवा होता. १९५४ मध्ये लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये हॅरॉल्ड हॉपकिन्स आणि नरिंदरसिंग कपानी यांनी काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून चित्र नेऊन दाखवलं. कपानी पंजाबमधल्या मोग्याचे. भारतात शिकून पीएचडीसाठी परदेशी गेलेला मुलगा, म्हणजे तुमच्या-माझ्यासारखाच. त्या कामाच्या आधाराने बेसिल हिर्शोविट्झ यांनी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात लवचिक गॅस्ट्रोस्कोप बनवला, आणि १९५७ मध्ये तो आधी स्वतः गिळून पाहिला.

एक विसंगतीही नोंदवून ठेवू. अन्ननलिकेला भोक पडण्याचं आज सगळ्यात मोठं कारण उलटी नाही, तर वैद्यकीय प्रक्रिया आहे. अशा निम्म्याहून अधिक घटना दुर्बिणीने तपासताना किंवा अरुंद झालेली अन्ननलिका रुंद करताना घडतात. टक्केवारीत पाहिलं तर हा धोका फार लहान आहे, पण अशा तपासण्या जगभर प्रचंड संख्येने होतात. ज्या साधनाने कधीकधी भोक पडतं, त्याच साधनाने ते भरायचं आहे.

दोन धागे जुळले कसे

१९८० च्या दशकात सोव्हिएत संघातल्या कझान शहरात पू झालेल्या जखमांवर व्हॅक्यूम लावण्याचं काम चालू होतं. ते रशियनमध्ये छापलं गेलं, आणि बाहेर फारसं कुणी वाचलं नाही. भाषेची भिंत काय असते, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. १९९३ मध्ये जर्मनीत विम फ्लाइशमान यांनी हाड मोडून उघड्या पडलेल्या जखमांवर फोम, वरून हवाबंद पडदा आणि सक्शन अशी पद्धत मांडली. १९९७ मध्ये अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनामधल्या लुई अर्जेंटा आणि मायकल मॉरिकवास यांनी डुकरांवरचे प्रयोग आणि ३०० जखमांचा अनुभव प्रसिद्ध केला. १२५ मिलिमीटर पाऱ्याइतकी ओढ दिली तर जखमेतला रक्तप्रवाह चौपट होतो, असं त्यांना आढळलं. तो १२५ चा आकडा आजही वापरात आहे.

यात फोम महत्त्वाचा. नुसती नळी लावली तर ती एका ठिकाणी चिकटते आणि बंद पडते. फोमला हजारो छिद्रं असतात, त्यामुळे ओढ सगळ्या पृष्ठभागावर सारखी पसरते. सूज उतरते, पू निघतो, लालसर नवीन ऊती वाढतात आणि पोकळी आकसत जाते.

पण हे सगळं त्वचेवरच्या जखमांचं झालं. आत कोण नेणार? २००० नंतर म्युनिकमध्ये रोल्फ वायडेनहागेन यांनी गुदाशयाच्या ऑपरेशननंतर गळणाऱ्या सांध्यापाशी दुर्बिणीने स्पंज ठेवायला सुरुवात केली. तिथून हॅनोव्हर आणि हॅम्बुर्गच्या डॉक्टरांनी तीच कल्पना अन्ननलिकेत नेली. २००८ च्या आसपास त्याचे पहिले अहवाल आले.

आता मघाची अडचण आठवा: श्वास भोकातून घाण छातीत ओढतो. ही ओढ साधारण ५ ते ६ मिलिमीटर पाऱ्याइतकी असते. स्पंजातून लावलेली ओढ १२५ ची, म्हणजे वीसेक पट जास्त, आणि उलट दिशेने. लाळ भोकाकडे जायच्या आधीच स्पंज ती शोषून घेतो. भोकाच्या कडा एकमेकींजवळ येतात. आता छातीतला कमी दाब रुग्णाचा शत्रू राहत नाही, कारण त्याहून मोठी ओढ डॉक्टरांच्या हातात असते.

या शोधाचा गाभा हा आहे. अडीचशे वर्षं सगळे 'भोक बंद कसं करायचं' हेच विचारत होते. नवा प्रश्न होता 'भोकामागची पोकळी रिकामी कशी ठेवायची'. ती रिकामी आणि स्वच्छ राहिली, तर बंद करायचं काम शरीर स्वतः करतं. स्पंज, नळी, पंप, दुर्बीण हे सगळं १९९० च्या दशकात उपलब्ध होतं. कमी होती ती प्रश्न बदलण्याची. आणि ते धाडसाचंही होतं, कारण भोक उघडं दिसत असताना ते न शिवणं हे सर्जनच्या सगळ्या शिक्षणाच्या विरुद्ध जातं.

प्रत्यक्षात काय करतात, आणि तुमचा संबंध काय

नाकातून घालतात तशा नळीच्या टोकाला स्पंज बसवतात. दुर्बिणीच्या मदतीने तोंडावाटे तो भोकापर्यंत नेतात. पोकळी मोठी असेल तर स्पंज पोकळीत ठेवतात, लहान असेल तर अन्ननलिकेतच, भोकाला लागून. नळीचं दुसरं टोक नाकातून बाहेर काढून पंपाला जोडतात. तीन ते चार दिवसांनी स्पंज काढून, आत पाहून, नवा घालतात. नाहीतर ऊती स्पंजात घुसतात. असं अनेक वेळा, काही आठवडे चालतं. तोवर अन्न वेगळ्या नळीने किंवा शिरेतून दिलं जातं.

कुवेतमध्ये राहणाऱ्यांसाठी यातला जवळचा भाग म्हणजे 'स्लीव्ह'. कुवेत लठ्ठपणाच्या प्रमाणात जगात वरच्या रांगेत आहे, आणि पोटाचा मोठा भाग काढून नळीसारखं पोट ठेवण्याचं हे ऑपरेशन तिथे फार होतं. तुमच्या ऑफिसात ते केलेलं कुणीतरी असेलच. शंभरात एखाद-दुसऱ्या रुग्णाला स्टेपलची रेष गळण्याचा त्रास होतो, आणि ती गळती बहुतेक वेळा वरच्या टोकाला, अन्ननलिका जिथे पोटाला मिळते तिथेच असते. जगभर अशा गळतींवरही ही पद्धत वापरली जाते.

महाराष्ट्राशी संबंध दुसऱ्या बाजूने येतो. अन्ननलिकेचा कर्करोग भारतात सर्रास आढळतो. परळच्या टाटा मेमोरियलमध्ये, १९४१ मध्ये सुरू झालेल्या या रुग्णालयात, देशभरातून असे रुग्ण येतात. अन्ननलिकेचा भाग काढून पोट वर ओढून जोडलं, की त्या सांध्याची गळती ही सर्जनची सगळ्यात मोठी काळजी असते. जगभरच्या चांगल्या केंद्रांतही साधारण दहात एका रुग्णाला ती होते.

मग खर्चाचं काय? कारखान्यात बनवलेला तयार संच महाग असतो, आणि दर तीन-चार दिवसांनी नवा लागतो. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या डॉक्टरांनी यावर सोपा तोडगा काढला: साधी नाकातली नळी, तिच्याभोवती गॉज, त्यावर ऑपरेशनमध्ये वापरतात ती चिकट फिल्म, आणि सुईने पाडलेली बारीक छिद्रं. भिंतीतल्या सक्शनलाही ती जोडता येते. खर्च कितीतरी कमी. मला या इतिहासातला हा टप्पा फार महत्त्वाचा वाटतो, कारण नाशिकच्या किंवा कोल्हापूरच्या रुग्णालयात ही पद्धत पोहोचणार असेल तर याच वाटेने पोहोचेल.

मर्यादाही सांगायला हव्यात. बऱ्याच अहवालांत दहापैकी आठ किंवा त्याहून जास्त रुग्णांची गळती थांबली. पण यातले बहुतेक अभ्यास लहान आणि एकेका रुग्णालयातले आहेत. स्पंज महाधमनीच्या किंवा हृदयाच्या अगदी जवळ असेल तर मोठा रक्तस्राव होऊ शकतो. नंतर अन्ननलिका अरुंद होऊ शकते. काही रुग्णांना शेवटी ऑपरेशन लागतंच.

लक्षात ठेवायच्या तीन गोष्टी

पहिली: जोराच्या उलट्यांनंतर अचानक छातीत किंवा पाठीत तीव्र कळ आली, श्वास लागला, मानेची त्वचा दाबल्यावर कुरकुरली, तर ते ॲसिडिटी समजून घरी बसू नका. हार्ट अटॅक असो वा हे, दोन्हीत लगेच हॉस्पिटल गाठायचं असतं. कुवेतमध्ये आणि भारतातही ११२. डॉक्टरांना 'उलटी आधी, कळ नंतर' हा क्रम नक्की सांगा. बुरहावेंना निदान सापडलं ते अशा बारीक तपशिलांमुळेच.

दुसरी: घरातल्या कुणावर हा उपचार चालू असेल आणि तुम्ही लांब असाल, तर फोनवर ऐकू येईल, 'आज पुन्हा आत नेलं, पुन्हा स्पंज बदलला.' ऐकताना वाटतं की पहिला प्रयत्न फसला. तसं नसतं. स्पंज बदलणं हाच उपचार आहे. प्रत्येक वेळी आत जाऊन पाहायचं, पोकळी किती आकसली ते मोजायचं, आणि मग पुढचं ठरवायचं. मिरकाबच्या नावातली टेहळणी ती हीच. म्हणून 'किती वेळा केलं' यापेक्षा 'पोकळी लहान होतेय का, ताप उतरला का, रक्त येतंय का' हे विचारा.

तिसरी: हिजामा किंवा तुंबडी या आजारावरचा उपाय नाही. नाव आणि तत्त्व थोडं जुळतं म्हणून कुणी सुचवलं, तर वरचा फरक समजावून सांगा.

आणि एक विनंती. तुमच्या घरात तुंबडी लावलेली, किंवा लावताना पाहिलेली कुणी आजी-आजोबा असतील, तर त्यांना विचारा: कोण लावायचं, कशाची होती, कशासाठी लावली, बरं वाटलं का? फोनवर रेकॉर्ड करून ठेवा. वैदूंच्या हातातल्या या कामाबद्दल छापील मजकूर फार कमी आहे, आणि ते पाहिलेली माणसं आता थोडी उरली आहेत.